नोंदणीचा अधिकार आणि मार्गदर्शनाची उणीव

एखाद्या व्यवसायाचा कायदा वाचताना त्यात काय सांगितले आहे याइतकेच, काय सांगावयाचे राहून गेले आहे, हेही पाहावे लागते. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 हा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. वाचा व श्रवण यांच्या दोषांवर उपचार करणाऱ्यांना या अधिनियमाने प्रथमच कायदेशीर व्यावसायिकाचे स्थान दिले, हे त्याचे निःसंशय श्रेय होय. परंतु नव्याने नोंदलेल्या व्यावसायिकाच्या पहिल्या वर्षाविषयी हा अधिनियम मौन पाळतो. ह्या मौनाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

22 जून 1993 पासून या परिषदेस वैधानिक स्वरूप आले. अधिनियमाच्या अठराव्या कलमान्वये शिक्षणाची किमान पातळी ठरते, एकोणिसाव्या कलमान्वये नाव नोंदले जाते आणि एकविसाव्या कलमान्वये व्यावसायिक वर्तनाचे नियम घालून देता येतात. नोंदणीवाचून जो व्यवसाय करील त्यास तेराव्या कलमात एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणजे कायद्याने दाराशी पहारा चोख ठेवला आहे. दार ओलांडून आत आलेल्याचे पुढे काय होते, याची विचारपूस मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी, त्याने किती चर्चासत्रांस हजेरी लावली एवढ्यापुरतीच होते.

ह्या विद्येचा आपल्याकडील इतिहास फार जुना नाही. 1966 च्या सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय संस्थेत तिचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. पुढे 1983 मध्ये वांद्रे येथे जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राचे राज्यपाल होण्यापूर्वी ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत येथील महाविद्यालयांचा संबंध त्याच उस्मानिया विद्यापीठाशी होता. नावापुरता का होईना, या विद्येशी मराठवाड्याचा असा जुना धागा आहे. तथापि शिक्षणाची केंद्रे दूरच राहिली, आणि तेथून पदवी घेऊन आलेला तरुण जिल्ह्याच्या गावी बहुधा एकटा पडतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचे अखेरचे वर्ष आंतरवासितेचेच असते. मग निराळे मार्गदर्शन कशाला? आक्षेप वरवर रास्त दिसतो, परंतु त्यात दोन भिन्न अवस्थांची गल्लत आहे. आंतरवासिता करणाऱ्याच्या निदानाखाली ज्येष्ठाची सही असते. चूक झाली तर ती कागदावरच थांबते. नोंदणी होताच सही त्याची स्वतःची होते आणि चूक थेट रुग्णाच्या पदरात पडते. ज्ञान आदल्या दिवशी होते तेवढेच असते, जबाबदारी मात्र एका दिवसात पालटते. ज्येष्ठाचा आधार नेमका ह्याच वेळी काढून घेणे हा व्यवस्थेतील दोष आहे, त्या तरुणाचा नव्हे.

हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही, हे दाखविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावर चिकलठाणा आहे. एका अंगास विमानतळ, दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत, त्यांच्यालगत जुने गाव, आणि लोक ज्यास ‘मिनी घाटी’ म्हणतात ते जिल्हा सामान्य रुग्णालय, असे त्याचे आजचे रूप आहे. येथील एखादा कामगार रात्रपाळी संपवून तसाच श्रवणतपासणीस आला, अशी कल्पना करावी. यंत्रांच्या गोंगाटाने कान काही तास तात्पुरते मंदावतात. त्या अवस्थेत घेतलेला आलेख खऱ्यापेक्षा अधिक बहिरेपण दाखवितो. अमेरिकेतील कामगारसुरक्षेच्या नियमांत पायाभूत तपासणीपूर्वी 14 तास गोंगाटापासून विश्रांती सांगितली आहे ती याचसाठी. गोंगाटाने आलेल्या कायमच्या बहिरेपणाची पहिली खूण आलेखावर बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खाचेच्या रूपाने दिसते, हे नव्या तज्ज्ञास पाठ असते. पण समोरच्या माणसास ‘काल रात्री कामावर होता का?’ असे आधी विचारावे, ही सवय पुस्तकातून लागत नाही. गोंगाटजन्य बहिरेपण हा 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविण्यायोग्य रोग म्हणून नमूद होता. तेव्हा ह्या आलेखावर कामगाराची भरपाई आणि मालकाचे दायित्व दोन्ही अवलंबून असू शकतात. एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत एवढी मोठी आहे.

दुसरे उदाहरण भाषेचे आहे, आणि ते आमच्या अभ्यासक्षेत्रास अधिक जवळचे आहे. गावातील पाच वर्षांचे मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘लोणी’ऐवजी ‘लोनी’ म्हणते. हा दोष नव्हे, ती त्याच्या घरची बोली आहे. तेच मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणत असेल तर मात्र उपचाराचा विचार करावा लागेल. शेजारच्या घरात दखनी बोलली जात असेल, तर तेथील मुलाच्या तोंडी ‘ळ’ न येणे स्वाभाविक आहे आणि ‘क़लम’चे ‘ख़लम’ होणेही स्वाभाविक आहे. ज्याचे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झाले आणि ज्याची स्वतःची मराठी निराळ्या प्रांतातील आहे, त्याला ही सीमारेषा कोण दाखविणार? बोलीला रोग ठरविले तर निरोगी मूल उपचाराच्या खोलीत अडकते. रोगाला बोली ठरविले तर गरजू मूल दारातूनच परत जाते.

वृद्धांच्या बाबतीत गुंता याहून बिकट आहे. सप्टेंबर 1948 पूर्वी निजामी राजवटीत ज्यांचे शिक्षण झाले, त्यांपैकी कित्येकांच्या घरची भाषा मराठी असली तरी लिहिण्यावाचण्याची भाषा उर्दू होती. अशा ज्येष्ठास पक्षाघाताने वाचा गमवावी लागली, तर त्याची तपासणी कोणत्या भाषेत करावी? बोलणे मराठीत आणि वाचन उर्दूत तपासावे लागेल, हे उत्तर ह्या भूमीत काम केलेल्या ज्येष्ठासच सुचेल. असे ज्ञान ग्रंथबद्ध नाही. ते माणसाकडून माणसाकडेच जाते. मार्गदर्शकाची आवश्यकता येथे सर्वांत स्पष्ट होते.

अन्यत्र यासाठी कोणती योजना आहे, ते पाहू. अमेरिकेतील वाचा-भाषातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल, तर पदव्युत्तर शिक्षणानंतर किमान 36 आठवडे आणि 1260 तास एका प्रमाणित मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते, आणि त्यातील किमान 18 तास मार्गदर्शकाने ते काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे लागते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या नियामक मंडळाने नवोदितांसाठी किमान सहा महिन्यांच्या मार्गदर्शनाची अट घातली आहे. या योजना जशाच्या तशा उचलाव्यात असे आम्ही म्हणत नाही. तासांची मोजदाद हा अमेरिकन पद्धतीचा गुण आहे तसाच दोषही. तास भरले म्हणजे जाण आली, असे होत नाही. मात्र दोन्ही ठिकाणी एक तत्त्व मान्य झाले आहे: परीक्षा उत्तीर्ण होणे आणि एकट्याने निर्णय घेण्यास समर्थ होणे, या दोन घटनांमध्ये काही काळ जावा लागतो.

ही अट आपल्याकडे आणावयाची तर मार्गात एक कायदेशीर धोंड आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने 1995 मध्ये वकिलीच्या नोंदणीपूर्वी एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर यांच्या प्रकरणात 1999 मध्ये तो रद्द ठरविला. कारण असा नियम करण्याचा अधिकार मूळ अधिनियमाने परिषदेस दिलेला नव्हता. हेतू चांगला असला तरी अधिकारावाचून केलेला नियम टिकत नाही, हा या निर्णयाचा धडा आहे. म्हणून आमच्या मते नोंदणी अडवून धरणारी अट घालण्यापेक्षा, नोंदणीनंतरच्या पहिल्या वर्षातील मार्गदर्शन हा एकविसाव्या कलमाखालील व्यावसायिक वर्तनाचा भाग मानावा, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरेल. त्याविषयी शंका उरत असल्यास संसदेने दुरुस्ती करावी. 2000 मध्ये ह्याच अधिनियमात दुरुस्ती झालेली आहे.

विरोधी पक्षाचे म्हणणेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. ज्येष्ठ थोडे, तेही शहरांत; मग मार्गदर्शक आणावयाचे कोठून? आणि मार्गदर्शनाच्या नावाखाली नवोदितास वर्षभर अल्प वेतनावर राबविले गेले तर? दुसरी भीती अधिक खरी आहे. म्हणून मार्गदर्शक हा शक्यतो नवोदिताचा मालक नसावा. श्रवणयंत्रांच्या विक्रीवर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्याच्याकडे ‘या रुग्णास यंत्राची गरज आहे काय?’ हा प्रश्न निर्भयपणे नेता येत नाही. नवोदिताचा व्यवसायाचा अधिकार व वेतन पूर्ण राहावे. मार्गदर्शकाच्या हाती त्याची नोंदणी रोखण्याची सत्ता नसावी. पहिल्या आक्षेपास उत्तर असे की, मुंबई वा म्हैसूर येथील ज्येष्ठासही आलेख पाठविता येतो आणि दूरध्वनीवर किंवा चित्रफितीद्वारे एखादे प्रकरण दाखविता येते. बोलीचे ज्ञान मात्र जवळच शोधावे लागेल. त्या कामी विद्यापीठांच्या भाषाविभागांनी पुढे यावे, असे आम्हांस वाटते.

2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याखालील जिल्हा केंद्रांच्या रचनेत श्रवण व वाचातज्ज्ञास स्थान मिळाले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण जेथे असे पद एकच असते, तेथे शंका विचारावयास शेजारची खुर्ची नसते. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत व्हावेत, असा या शास्त्राचा संकेत आहे. ह्या हिशेबात एका चुकलेल्या निदानाने गेलेले दोन महिने पुढे भरून काढणे अवघड असते, कारण भाषा शिकण्याचा काळ बालकासाठी थांबून राहत नाही. कायद्याने त्या तरुणास सहीचा अधिकार दिला, ते योग्यच केले. सही करण्यापूर्वी कोणास तरी विचारण्याची सोयही त्याने करून द्यावयास हवी होती. ती उणीव भरून काढणे अद्याप आपल्या हाती आहे.