खेळाडू नंबर दोन

‘सुलभ’ हा शब्द पुस्तकाच्या कव्हरवर दिसला की मी सावध होतो. सुलभ संस्कृत, सुलभ बीजगणित आणि सुलभ हप्ते या तिन्ही गोष्टी ज्यांना आधीच जमतात त्यांच्यासाठीच असतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा गेम थिअरीवर नवशिक्याला झेपेल असं पुस्तक शोधायला निघालो तो फारशी आशा न ठेवताच.

काटेवाडीत राहणाऱ्या माणसाला ही थिअरी हवी कशाला, असं तुम्ही विचाराल. गावातही सगळ्यांनी हेच विचारलं. वास्तविक थिअरी एवढीच, की माझा फायदा मी काय करतो यावर जसा अवलंबून, तसाच दुसरा काय करतो यावरही. आणि तो दुसराही या क्षणी नेमका माझाच विचार करत बसलेला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर ज्यानं एक उन्हाळा दारं धरली, त्याला हे समजावायला अमेरिकेहून कुणी यायला नको.

बारामतीच्या एका दुकानात पृच्छा केली. दुकानदारानं तत्परतेनं कबड्डीचे नियम, बुद्धिबळाचे धडे आणि पत्त्यांचे डाव अशी तीन पुस्तकं पुढ्यात ठेवली. पत्त्यांचं पुस्तक अगदीच गैरलागू नव्हतं म्हणा. कारण या शास्त्राचा मूळ ग्रंथ जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या जोडीनं १९४४ साली काढला, त्यात पोकरची चर्चा चांगली ऐसपैस आहे. ग्रंथ सहाशे पानांच्या वर. मी तो पुण्याहून आणवला आणि तो आमच्याकडे फार उपयोगी पडला. पापडाच्या पिठावर ठेवायला इतकं चांगलं वजन दुसरं नाही.

वाचून कळलं ते असं, की या ग्रंथाचा भक्कम पाया दोघांच्या खेळावर आहे आणि त्यात एकाचं जेवढं जातं तेवढंच दुसऱ्याला मिळतं. इथंच माझं मन बिथरलं. आमच्या भावकीत बांधाच्या वादाचे खेळ पिढ्यान् पिढ्या चालतात. त्यात दोघांचंही जातं आणि मिळतं ते वकिलाला.

मग जे. डी. विल्यम्स यांचं ‘द कम्प्लीट स्ट्रॅटेजिस्ट’ (१९५४) हाती आलं. लेखक विनोदी, व्यंगचित्रं झकास, आणि बेरीज-वजाबाकीच्या फार पुढचं गणित नाही. पुस्तक इतकं गोड, की शेवटचं पान उलटल्यावर लक्षात येतं, यातही प्रतिस्पर्धी तो प्रतिस्पर्धीच. फक्त हसऱ्या चेहऱ्याचा.

यानंतरची बहुतेक परिचयपर पुस्तकं दोन कैद्यांपासून सुरू होतात. हा खेळ १९५० साली रँड कॉर्पोरेशनमध्ये फ्लड आणि ड्रेशर या दोघांनी मांडला आणि टकर नावाच्या गणितज्ञानं त्याला कैद्यांची गोष्ट चिकटवली. दोघे वेगवेगळ्या कोठड्यांत. दोघंही गप्प राहिले तर दोघांचं बरं. पण दुसरा काहीही करो, आपण कबूल होणंच फायद्याचं. म्हणून दोघंही कबूल होतात आणि दोघंही जास्त दिवस आत बसतात.

माझ्या पुतण्यानं नेमकं हे पहिलंच प्रकरण वाचलं. आमच्या ओढ्याच्या काठानं भावकीच्या पाच विहिरी आहेत. पाणी खाली चाललेलं, आणि प्रत्येकाच्या मनात आडवा-उभा बोअर मारायचा विचार. पुतण्या म्हणाला, “काका, बाकीचे बोअर घेवोत न घेवोत, आपण घेणंच फायद्याचं. गणितच आहे!” गणित बिनचूक होतं. अडचण एवढीच, की बाकीच्या चौघांनाही पुतणे आहेत.

म्हणून म्हणतो, नवशिक्याचं पुस्तक निवडताना मुखपृष्ठ पाहू नये, त्यातला खेळाडू नंबर दोन कोण आहे ते पाहावं. कोठडीतला कैदी उद्या भेटणार नसतो. आमचा नंबर दोन उद्या सकाळी डेअरीवर भेटतो, लग्नात शेजारच्या पाटावर बसतो आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी गावात आली की खांद्याला खांदा लावून मेंढ्यांचं रिंगण बघतो. (जॉन नॅशला १९९४ साली ज्या समतोलापायी नोबेल मिळालं, तो समतोल समजायला हे रिंगण पुरेसं आहे. सगळ्या मेंढ्या एका दिशेनं धावत असताना एकटीनं उलटं धावण्यात फायदा नाही. झालं!)

खेळ पुन्हा पुन्हा होणार असेल तर काय, हे रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८४ च्या ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’मध्ये सांगितलं. त्यांनी संगणकावर डावपेचांची स्पर्धा लावली. जिंकला तो सगळ्यात आखूड डाव: पहिल्यांदा भलेपणानं वागा, मग समोरचा वागेल तसं. आमच्या आजीला हे संगणकाशिवाय ठाऊक होतं. पण आजी म्हणाली की कुणी ऐकत नाही, हा फरक आहेच.

सगळ्यांत जास्त आशा मला अविनाश दीक्षितांकडून होती. जन्म मुंबईचा, सालही तेच १९४४, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये आणि मग प्रिन्स्टनला प्राध्यापकी. २०१६ साली पद्मविभूषण. त्यांनी बॅरी नेलबफ यांच्यासह लिहिलेलं ‘थिंकिंग स्ट्रॅटेजिकली’ (१९९१) हे खरोखर उत्तम पुस्तक आहे. पुढचं पाहावं आणि मागं येत विचार करावा, पोकळ धमकी देऊ नये, दुसऱ्याच्या जागी बसून बघावं, हे सगळं गोष्टींतून येतं. तक्रार एकच. गोष्टी अमेरिकेच्या. बास्केटबॉल येतो, शिडाच्या होड्यांची शर्यत येते. आमच्या कालव्यात शिडाची होडी कुणी घातल्याचं ऐकिवात नाही. घातलीच तर पाटकरी आधी पाळी विचारेल. थिअरी शिकण्याआधी बास्केटबॉल शिकावा लागतो.

ही उणीव भरून निघाली ती एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये (१९९०). ही प्रवेशिका नव्हे, भाषाही जड. पण त्यात स्पेनमधले पाटाचे शेतकरी भेटतात. एकाची पाळी संपत आली की पुढचा तिथं हजर. त्यामुळे चोरीवर पहारा ठेवायला वेगळा खर्च नाही. मी वाचतावाचता उठून उभा राहिलो. ही तर आमची शेजपाळी! फावडं घेऊन बांधावर उभा असलेला आमचा तात्या या बाईंनी कुठं पाहिला? त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. तात्याला अजून नाही.

तेव्हा माझा निर्णय असा: सुरुवात दीक्षितांपासून करावी, बास्केटबॉलच्या जागी कबड्डी वाचावी, आणि पहिल्या प्रकरणाशी थांबून बोअरच्या गाडीला फोन करू नये.

पुतण्यानं पुढची प्रकरणं वाचली. मग पाचही घरं माझ्या ओट्यावर बसली आणि कुणीच बोअर घ्यायचा नाही असं ठरलं. तात्यानं विचारलं, “आन् कुणी घेतलाच तर कळंल कसं?” पुतण्या म्हणाला, “तात्या, बोअरची गाडी काय चोरून आणता येते? अख्ख्या शिवारात आवाज जातो.”

दोन उन्हाळे झाले. विहिरींना पाणी थोडं आहे, पण पाचींना आहे. खेळाडू नंबर दोन रोज सकाळी माझ्या विहिरीत डोकावतो. मी त्याच्या.