शिलालेख, पोर्तुगीज दप्तर आणि आपला वारसा

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. कयाधू नदीच्या परिसरातील या गावी पंढरीचे वारकरी येतात यात नवल नाही. परंतु पंजाबातून शीख भाविकही येतात आणि त्यांचा गुरुद्वाराही तेथे आहे. याचे कारण असे की, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ज्या शिंपीकुळातील भक्ताला आपण मराठी अभंगांतून ओळखतो, त्याच्या वाणीचा एक ठेवा गुरुमुखी लिपीत जपलेला आहे.

त्यामुळे नामदेवांचा अभ्यास करणाऱ्यास दोन वाटा चालाव्या लागतात. एक वाट यादवकाळाकडे जाते. नामदेवांचा जन्म परंपरेने इ. स. १२७० चा मानतात. जन्मगाव म्हणून सांगितले जाणारे नरसी नेमके कोणते, हाही वाद झालेला आहे. कोणी ते कराडच्या परिसरात शोधले, तर कोणी जन्म पंढरपूरचाच मानला. 'नामा' म्हणून सही करणारे कवी एकाहून अधिक होऊन गेल्यामुळे कोणते पद कोणाचे, हेही पारखून घ्यावे लागते. दुसरी वाट पंजाबकडे, परक्या लिपीकडे जाते. या दोन वाटांची सांगड घालणाऱ्या अभ्यासकाला कोणी वेडा म्हणत नाही. उलट त्याच्या व्यासंगाची वाखाणणीच होते.

मग हीच सांगड आपल्या ख्रिस्ती समाजाच्या वारशाबाबत कोणी घालू म्हणाला तर आपण का दचकतो? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही, हे प्रथमच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा बारावीनंतर आईला घेऊन आमच्याकडे आला होता. "फादर, प्राचीन इतिहास घेऊन पदवी घ्यावी आणि जोडीला पोर्तुगीज शिकावी, असं मनात आहे," असे तो म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर काळजी होती. आम्ही तिचीच बाजू घेतली. "अरे, एक विषय अशोकाच्या काळचा, दुसरा सातासमुद्रापलीकडचा. यांचा मेळ कसा बसायचा? आणि पोटापाण्याचं काय?" असे आम्ही विचारले. मुलगा काही बोलला नाही. त्याने वाणिज्य शाखेत नाव घातले. पुढे डॉ. जोसे गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसईवरील ग्रंथ आम्ही सावकाश वाचला, तेव्हा त्या मुलाला द्यायचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच छापून झाले होते, हे आमच्या ध्यानी आले.

गर्सन द कुन्हा (१८४४-१९००) हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे कॅथलिक, व्यवसायाने मुंबईतील डॉक्टर. त्यांनी नाण्यांचा संग्रह केला, कोकणी भाषेवर लिहिले, १८७७ साली स्कंदपुराणातील म्हणून मानल्या जाणाऱ्या 'सह्याद्रिखंडा'ची संस्कृत संहिता संपादून छापली आणि मुंबईच्या उत्पत्तीवर मोठा ग्रंथ रचला. त्याआधी, १८७६ मध्ये, चौल आणि वसईच्या इतिहासावर व पुरातन अवशेषांवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका हातात संस्कृत आणि दुसऱ्या हातात पोर्तुगीज असलेला हा माणूस होता. ही जोड त्याच्या ठायी शोभेची नव्हती, तर तिच्याविना हा ग्रंथ सिद्धच झाला नसता.

या ग्रंथाचा पहिला गुण असा की, त्यात या किनाऱ्याची कथा पोर्तुगीज जहाजापासून सुरू होत नाही. चौलची ओळख पटविताना लेखक ग्रीक भूगोलकारांनी, अरब प्रवाशांनी आणि जुन्या लेखांनी नोंदविलेली नावे एकमेकांशी ताडून पाहतो. वसईकडे वळतानाही तो आधी हिंदू राजवटींचा मागोवा घेतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशेपाच वर्षांनाच आपला सगळा इतिहास समजण्याची सवय आपल्याला जडली आहे. द कुन्हा ती सवय मोडतात. दुसरा गुण म्हणजे वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमधील थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख त्यांनी वाचून नोंदविले. ऊनपावसाने झिजत चाललेले दगड त्यांच्यामुळे कागदावर तगले.

दोष नाहीत असे नाही. पौराणिक उत्पत्तिकथांवर त्यांचा विश्वास आजच्या अभ्यासकाला अधिक वाटेल. सह्याद्रिखंडात निरनिराळ्या काळांचे थर मिसळलेले आहेत, हे आता सर्वमान्य आहे. शिवाय सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी उजेडात आला. सहा वर्षे आधीच्या या ग्रंथात ते येणे शक्य नव्हते. परंतु आमच्या मते खरा उणेपणा निराळा आहे. या ग्रंथात सरदार, कप्तान, मठ व मठाधिपती पुष्कळ भेटतात. शेतात राबणारा कुपारी वा वाडवळ, समुद्रावर जाणारा कोळी क्वचितच भेटतो. आणि ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे, ज्यांच्या गावांविषयी तो आहे त्यांच्या घरांत तो पोहोचला नाही.

ही जोड का लागते, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. पुढे दियोगो द कोतो या इतिहासकाराने लिहून ठेवले की, त्या लेण्यातील एक कोरीव लेख असलेला दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तो लेख तेथे कोणालाही वाचता आला नाही. तो दगड पुढे नाहीसा झाला. म्हणजे घारापुरीच्या त्या लेखाचा एवढा तरी मागमूस राहिला आहे तो पोर्तुगीज पानावर. १५९५ मध्ये गोव्याचे दप्तरखाने स्थापन झाले, तेव्हा त्याचा पहिला रक्षक म्हणून नेमला गेला तो हाच कोतो. प्राचीन भारताचा जो विद्यार्थी पोर्तुगीज जाणत नाही, त्याला हा साक्षीदार मुका आहे.

आता उलट बाजू. बोरिवलीजवळील मंडपेश्वरचे शैव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी, फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात, ख्रिस्ती उपासनेसाठी घेतले. लेण्यात कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. आज तेथे पुन्हा शिवाची पूजा होते. पोर्तुगीज जाणणारा, परंतु प्राचीन इतिहास न जाणणारा वाचक जुन्या कागदांत 'पागोद' हा शब्द वाचतो आणि पुढे जातो. त्या एका शब्दाने पोर्तुगीज लेखक देऊळही सांगतो, मूर्तीही सांगतो आणि सोन्याचे नाणेही सांगतो. ते देऊळ कोणत्या शतकातले, कोणत्या पंथाचे, हे मात्र तो शब्द सांगत नाही. ते दगडालाच विचारावे लागते. एकाच खडकाने दोन्ही साक्षी दिलेल्या असताना आपण एकच कान उघडा ठेवला, तर अर्धेच ऐकू येणार.

साहित्याच्या प्रांतातही हेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची सुमारे अकरा हजार ओव्यांची संपदा आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु त्याचे पोर्तुगीज नाव पाहावे. तेथे 'पुराण' हा शब्दच नाही. तारणारा येशू ख्रिस्त या जगात आल्याविषयीचे 'प्रवचन', असा त्याचा आशय आहे. पोर्तुगीज नाव वाचणाऱ्या वरिष्ठांसाठी ते प्रवचन होते. साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यासाठी ते पुराण होते. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण फादरांना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी नवे का देत नाही? या प्रश्नात श्रद्धेची भूक आहे, तशी हिरावून घेतलेल्या ग्रंथांची वेदनाही आहे. पोर्तुगीज हुकूमनामे न वाचणाऱ्याला ती वेदना समजत नाही, आणि ज्ञानेश्वर-नामदेवांपासून लोकांच्या कानात बसलेली ओवी-अभंगांची परंपरा न जाणणाऱ्याला ती भूक समजत नाही. आजवर आपल्याकडे या ग्रंथाचे जे कौतुक झाले, त्यातले पुष्कळसे भाषेच्या गोडव्यापाशी थांबले, असे आमचे नम्र मत आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट टाळता येणार नाही. पोर्तुगीज दप्तर उघडले की त्यात केवळ सणांची व चर्चबांधणीची वर्णने सापडत नाहीत. देवळे पाडल्याच्या नोंदी सापडतात. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, गोव्यात चाललेल्या धर्मन्यायासनाचा इतिहास सापडतो. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने काढलेला, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी अशा अर्थाचा फर्मान सापडतो. हे वाचून आमच्या मुलांची श्रद्धा डळमळेल, अशी भीती काही पालक व्यक्त करतात. आम्ही धर्मगुरू या नात्याने सांगतो की, सत्याने डळमळणारी श्रद्धा मुळातच दुबळी असते. जे आपण स्वतः वाचणार नाही, ते दुसरे कोणी वाचून, हवे तेवढेच उचलून, आपल्यासमोर ठेवील. आणि मग उत्तर द्यायला आपल्यापाशी शब्द नसतील.

आणि वाचले आहे ते प्रामुख्याने इतरांनीच. गोव्याच्या दप्तरखान्याचे दीर्घकाळ प्रमुख असलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उभा केला. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणकलेचा आणि धर्मन्यायासनाचा इतिहास लिहिला. हे दोघेही ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या परिश्रमांपुढे आम्ही आदराने नतमस्तक आहोत. परंतु आपल्या घरातल्या कपाटाची चावी शेजाऱ्याने घडवावी आणि आपण ती हाती घेण्याचेही कष्ट करू नयेत, ही गोष्ट भूषणावह नाही. 'चावी' हा शब्दही पोर्तुगीजच आहे. 'पाद्री', 'इगर्जी' आणि 'कुरूस' हेही तसेच. जी भाषा आपल्या प्रार्थनेत मुरली, ती आपल्या अभ्यासात मात्र परकी राहिली.

सोयी नाहीत, असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे, आणि येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली इतिहास-संशोधन संस्थाही तेथेच आहे. हेरास स्पेनमधून आले आणि भारताच्या प्राचीन इतिहासाचे झाले. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोन्ही विषयांची जोड बहुधा विद्यार्थ्यालाच जुळवावी लागते, मार्ग लांबतो आणि अर्थार्जन उशिरा सुरू होते, हे खरे. आईबापांच्या काळजीला आम्ही हसत नाही. परंतु एका धर्मग्रामातून डॉक्टर, अभियंते, हिशेबनीस निघत असताना एखाद्या मुलाने वा मुलीने ही वाट धरली, तर त्या घराला आधार देणे हे साऱ्या धर्मग्रामाचे काम आहे. कित्येक जुन्या चर्चमधील नोंदवह्या पोर्तुगीज व लॅटिनमध्ये आहेत. त्यांत आपल्याच पणजोबांचे स्नानसंस्कार आणि विवाह नोंदलेले आहेत. सेमिनरीत शिकलेल्या लॅटिनच्या आधाराने आम्ही त्यांतील नाव आणि तारीख ओळखतो. शेजारची चार ओळींची टीप मात्र आम्हांला पुरती लागत नाही. आमच्या मागून येणाऱ्यांना ती लागावी, एवढीच इच्छा आहे.

शेवटी पुन्हा नरसीकडे वळू. सुमारे १२६५ मध्ये देवगिरीच्या महादेव यादवाने शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला आणि उत्तर कोकण यादवांच्या अमलाखाली आले. त्यानंतर पाचएक वर्षांनी नामदेव जन्मले. म्हणजे त्यांच्या बालपणी कयाधूकाठचे नरसी आणि समुद्रकाठचे सोपारे एकाच राज्यात होते, आणि आपले पूर्वज त्याच राज्याचे प्रजाजन होते. ते बाहेरून आले नाहीत. बाहेरून आला तो एक संदेश, आणि त्याच्याबरोबर एक भाषा व एक राजसत्ता. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहता येणे, हेच या जोडअभ्यासाचे खरे फळ होय. शुभवर्तमानातील तो घरधनी भांडार उघडतो, तेव्हा नव्याबरोबर जुनेही बाहेर काढतो. आमच्याकडे आलेला तो मुलगा आज नोकरीत स्थिरावला आहे. तो पुन्हा भेटला, तर आम्ही त्याची क्षमा मागू. आणि त्याच्या धाकट्या भावंडांपैकी कोणी तोच प्रश्न घेऊन आले, तर या वेळी आधी आईला बसायला खुर्ची देऊ आणि मग द कुन्हांचा ग्रंथ टेबलावर ठेवू.