मृत्पात्रीप्रेरित मिश्रमाध्यम भित्तिकला

लाकडी फळा, कॅनव्हास वा भिंत यांवर प्लॅस्टर, वाळू, सिमेंट, कागदाचा लगदा व रंग यांचे थर देऊन घडविलेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास बहरलेल्या स्टुडिओ-मृत्पात्रीच्या पोतावर बेतलेली उठावदार कलाकृती. भेगा, फोड, खरवडलेल्या रेषा व मातकट रंगसंगती ही तिची दृश्य लक्षणे होत. तिच्या मूल्यमापनात एक प्रश्न मूलभूत ठरतो : पात्रावरील पोत भिंतीवर आणल्यास त्याचा अर्थ टिकतो काय?

स्टुडिओ-मृत्पात्रीत पोत हा घडणीचाच परिणाम असतो. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये लंडनला आलेल्या ल्यूसी री (१९०२–९५) यांच्या काही पात्रांची झिलई ज्वालामुखीजन्य खडकासारखी सच्छिद्र दिसते. सिलिकॉन कार्बाइडामुळे भट्टीत निर्माण झालेला वायू झिलईतून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व त्याच्या खुणा मागे राहतात. त्यांचे सहकारी हान्स कोपर (१९२०–८१) हे चाकावर घडविलेले भाग जोडून पात्र सिद्ध करीत, त्यावर पातळ मातीचे व मँगॅनिजाचे लेप देत आणि पृष्ठभाग घासून खालचे थर उघडे करीत. दोघांच्याही पात्रांतील खडबडीतपणा वरून चिकटविलेला वाटत नाही.

माती भिंतीवर नेताना हे नाते जपता येते, हे झोआन मीरो (१८९३–१९८३) व कुंभकार जुझेप ल्योरेन्स आर्टिगास (१८९२–१९८०) यांनी पॅरिसच्या यूनेस्को मुख्यालयासाठी केलेल्या ‘सूर्याची भिंत’ व ‘चंद्राची भिंत’ (१९५८) या कृतींवरून दिसते. प्रथम भाजलेल्या एकसारख्या चौकोनी फरशांनी समाधान न झाल्याने त्यांनी विषम आकाराच्या फरशा नव्याने घडविल्या. भारतात के. जी. सुब्रह्मण्यन् (१९२४–२०१६) यांनी लखनौच्या ‘रवींद्रालया’साठी रवींद्रनाथ टागोरांच्या राजा या नाटकावर आधारित भव्य भित्तिशिल्प (१९६३) भाजलेल्या मातीच्या फरशांतून उभारले. साध्या घटकांच्या मांडणीतून कथा सांगणारी ही रचना मातीच्या मर्यादांनाच शैलीचे रूप देते.

मिश्रमाध्यम कृतीत मात्र अग्नी नसतो. झिलईतील भेगा झिलई व मातीचे अंग यांच्या असमान आकुंचनातून पडतात. प्लॅस्टरवर तशाच भेगा कोरल्या, तर कारण नाहीसे होऊन केवळ परिणाम उरतो. अशा कृती दिवाणखान्याच्या सजावटीस शोभतात, परंतु वारंवार पाहिल्यावर रित्या वाटतात. पात्राला पोकळी असते, हाताने जोखावे असे वजन असते. भिंतीवरील कृतीस या दोन्ही गोष्टींवाचून चालवावे लागते.

याचा अर्थ हे माध्यमच कनिष्ठ, असा नव्हे. आंतॉनी तापीएस (१९२३–२०१२) या कॅटलन चित्रकाराने १९५० नंतरच्या दशकात संगमरवराची भुकटी व वाळू मिसळलेल्या जाड थरांवर ओरखडे व ठसे उमटविले. ते भट्टीचा आव आणीत नाहीत. थराचे वाळणे, तडकणे व हाताचा दाब यांचीच ती साक्ष असते. मृत्पात्रीकडून घेण्याजोगा धडा हाच होय. पोताचे अनुकरण करण्याऐवजी द्रव्याशी प्रामाणिक राहण्याची तिची वृत्ती ज्या कृतीत उतरते, तीच सजावटीच्या पलीकडे जाते.