मलिक अंबर, वर्णद्वेष आणि वासेट्ठ सुत्त

मलिक अंबर यांचे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. निजामशाहीचे वजीर, गनिमी युद्धपद्धतीचे जाणकार, महसुलाची घडी बसविणारे प्रशासक अशी त्यांची ओळख करून दिली जाते. परंतु ती करून देताना ‘हबशी गुलाम असूनही’ हे शब्द लेखणीतून सहज उतरतात. या ‘असूनही’चा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. काळ्या माणसाकडून कर्तृत्वाची अपेक्षाच नव्हती, ही कबुली त्या एका शब्दात दडलेली आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेले अंबर गुलामांच्या बाजारांतून विकले जात दख्खनेत आले. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर त्यांनी दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही सावरली आणि पाव शतक मोगलांना थोपविले. १६१० मध्ये त्यांनी खडकी येथे राजधानी वसविली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या नगरात त्यांनी भूमिगत नहरीने पाणी खेळविले. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्यांच्या काळ्या रंगावरून अपशब्द योजले आणि त्यांच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्रही काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ मध्ये अंबर निधन पावले, तेव्हा मोगल बखरकार मुतमदखान यालाही त्यांच्या युद्धकौशल्याची व न्यायबुद्धीची थोरवी मान्य करावी लागली.

अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला, तो अशाच पुराव्यांच्या बळावर. काळ्यांना इतिहास नाही, हे असत्य त्यामुळे उघडे पडले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि, आमच्या मते केवळ कर्तृत्वाच्या यादीवर विसंबणारा युक्तिवाद अपुरा ठरतो. थोर पुरुष दाखवा, मग माणूस मानू, ही वर्णद्वेष्ट्याची अट त्यात नकळत मान्य होते. मग उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या सिद्दींनी कोणता पुरावा द्यावा? आमच्या भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाच्या शिळांवर दात्यांची नावे आढळली. तेथे माती वाहणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. म्हणून त्यांचे माणूसपण उणे होत नाही.

येथे वासेट्ठ सुत्त मार्गदर्शक ठरते. ब्राह्मण जन्माने की आचरणाने, या वादावर भगवान बुद्ध प्रथम गवत, वृक्ष, कीटक, सर्प, मासे व पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात जातिभेद दर्शविणारी चिन्हे निसर्गतःच असतात. मनुष्यात मात्र केस, डोळे, नाक, ओठ, इतकेच नव्हे तर रंग यांतही तसे चिन्ह नाही. मनुष्यातील भेद ही ‘समञ्ञा’, म्हणजे व्यवहारातील संज्ञा होय. या प्रतिपादनात कोणाच्याही पराक्रमाची साक्ष मागितलेली नाही.

नाकाचा उल्लेख विशेष उद्बोधक आहे. रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता ठरविण्याचा खटाटोप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तीच मापे तपासून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत, असे दाखविले. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. दोन दुःखांचे साम्य या दोघांनी जाणले होते.

हा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांतील विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापले जावे, ही विसंगती गंभीर आहे. मलिक अंबर यांचा गौरव अवश्य करावा, परंतु ‘असूनही’ हा शब्द गाळून. आणि ज्यांच्या नावे किल्ला, नहर किंवा ग्रंथ काहीच नाही, त्यांचे माणूसपणही तितक्याच निःसंदिग्ध शब्दांत मान्य करावे. वासेट्ठ सुत्ताचा अर्थ याहून निराळा लागत नाही.