भाताचा भाव आणि मुलांचे हात

शेतमालाचा भाव वाढला की शेतात राबणाऱ्या मुलांचे काय होते? अर्थशास्त्राकडे याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. घरात चार पैसे जास्त आले की मूल शाळेत जाईल, हे एक. मजुरी वाढली की त्याला शाळेतून काढून कामाला धाडण्याचा मोह वाढेल, हे दुसरे.

पहिल्या उत्तराचा पुरावा म्हणून एरिक एडमंड्स व नीना पावच्निक यांचा व्हिएतनामवरील अभ्यास नेहमी पुढे केला जातो. सरकारने तांदूळ-निर्यातीवरील कोटा सैल केला. १९९३ ते १९९८ या पाच वर्षांत तांदळाचा भाव इतर वस्तूंच्या मानाने जवळपास ३० टक्क्यांनी चढला. त्याच काळात बालमजुरी घटली, आणि त्या घटीचा सुमारे निम्मा वाटा या भाववाढीचा होता. मुलांच्या मजुरीचा दरही वाढला होता, तरीही हे घडले. सर्वाधिक लाभ झाला तो माध्यमिक शाळेच्या वयातील मुलींना.

अभ्यास चोख आहे, लेखकांचा निष्कर्षही सावध आहे. आक्षेप आहे तो त्याच्या वाचनावर. खुल्या व्यापाराच्या समर्थकांनी त्यातला भाव तेवढा उचलला आणि जमीन सोडून दिली! व्हिएतनाममध्ये १९८८ च्या ठरावाने सामूहिक शेतीची जमीन कुटुंबांकडे कसायला आली. १९९३ च्या कायद्याने तो हक्क वारशाने देण्याजोगा, गहाण ठेवण्याजोगा झाला. वाढीव भाव शेतकऱ्याच्या उंबरठ्याच्या आत पोचला, तो त्याआधी झालेल्या या वाटपामुळे. निर्यातीचे धोरण नंतरचे.

आता ब्राझील पाहा. तिथल्या कॉफीवरील डायना क्रुगर यांच्या अभ्यासात उलटे दिसते. कॉफी तेजीत आली तशी कामाला जाणारी मुले वाढली. पीक निराळे, हे मान्य. पण जमीन मूठभरांच्या हाती असलेल्या देशात तेजी बहुतेकांच्या घरी येते ती मजुरीच्या रूपाने. आणि मजुरी मुलालाही बोलावते.

ही कसोटी आपल्या उसाला लावली तर काय दिसते? एफआरपी वाढावी म्हणून आंदोलने होतात, ती रास्तही असतात. पण तो भाव ऊस पिकवणाऱ्याचा. बीडहून उचल घेऊन आलेल्या तोडणी कामगाराचा दर वेगळ्या वाटाघाटीत ठरतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि मोजणी टनावर. वाढे गोळा करणाऱ्या, मोळी बांधू लागणाऱ्या मुलाचे काम आईबापाच्या टनांत मिसळून जाते. हजेरीपटावर ते मूल नसतेच. मग एफआरपी शंभराने वाढली काय किंवा दोनशेने, त्यातले त्याच्या पाटीदप्तरापर्यंत काय येणार, हे त्या दरात कुठेच लिहिलेले नाही.