कलम, मंदिर आणि दंगल

पॉल कोहेन यांचा ‘चायना अँड ख्रिश्चॅनिटी’ हा १९६३ सालचा ग्रंथ १८६० ते १८७० या दशकातील चिनी असंतोषाविषयी आहे. मिशनऱ्यांविरुद्ध लोक उठले ते निव्वळ अडाणीपणाने, हे मत त्याने खोडून काढले. परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रतिष्ठित वर्ग, त्याचा कन्फ्यूशियन अभिमान, त्याची विखारी पत्रके यांचे चित्र कोहेन चिनी कागदपत्रांवरून समर्थपणे रेखाटतात. आमची तक्रार एवढीच की, विचारांच्या या संघर्षात जमिनीचा दावा मागे पडतो. आम्हां वकिलांना मात्र तोच आधी दिसतो.

१७२४ साली सम्राट युंगचेंग याने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि चर्चच्या इमारती जप्त झाल्या. पुढे काहींची मंदिरे झाली, काहींत लोकांनी घरे थाटली. १८४६ च्या बादशाही फर्मानाने जुनी चर्चे परत देण्याचे ठरविले, परंतु मंदिरे वा राहती घरे झालेल्या वास्तू त्यातून वगळल्या. हा विवेक १८६० च्या पेकिंग कराराच्या सहाव्या कलमात उरला नाही. शंभरांहून अधिक वर्षांचा कब्जा, मधल्या पिढ्यांनी केलेला खर्च, चालत आलेली पूजाअर्चा यांना तेथे स्थान नाही. देवस्थानच्या जमिनीचे दावे पाहिलेल्या वाचकांस याचा अर्थ सांगावयास नको.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्याच कलमाच्या चिनी प्रतीत फ्रेंच मिशनऱ्यांना सर्व प्रांतांत जमीन भाड्याने वा विकत घेऊन हवे तसे बांधकाम करण्याची मुभा आहे. फ्रेंच प्रतीत ते वाक्यच नाही. ते घुसडले दुभाष्याचे काम करणाऱ्या देलामार या मिशनऱ्याने. १८५८ च्या तहानुसार वाद पडल्यास फ्रेंच पाठ प्रमाण. म्हणजे घुसडलेल्या वाक्याला कायद्याने किंमत शून्य. तरीही पेकिंगने ते मानले आणि १८६५ मध्ये खरेदीखत स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या सामाईक नावे व्हावे, एवढी तडजोड पदरात पाडून घेतली. कोहेन यांच्या ग्रंथात या कलमाला एक स्वतंत्र प्रकरण शोभले असते.

तिएन्त्सिनमध्ये तर वांगहायलौ येथील बादशाही वास्तू व ताओपंथी मंदिर यांच्या जागी १८६९ साली चर्च उभे राहिले. त्याला ‘विजयाची माता’ हे नाव! अनाथाश्रमातील मृत मुलांविषयीच्या अफवा २१ जून १८७० रोजी पेटल्या. फ्रेंच वकील फोंतानिए याने चिनी न्यायाधिकाऱ्यावर पिस्तूल झाडले, त्यात त्याचा सेवक ठार झाला, आणि जमावाने फोंतानिएला मारले. दहा जोगिणी व अनेक चिनी ख्रिस्ती यांचीही हत्या झाली. मंदिर गेल्याचे दुःख खरे असले तरी या जोगिणींच्या रक्ताचे समर्थन त्यातून होत नाही. मुलांचे डोळे काढल्याच्या अफवेला आधार नसल्याचे त्सेंग क्वो-फान या ज्येष्ठ अधिकाऱ्याने तपासानंतर बादशहास कळविले, आणि त्याबद्दल स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या. सोळा जणांना देहान्त शिक्षा झाली, शहराचे दोन अधिकारी हद्दपार झाले, फ्रान्सला भरपाई मिळाली. जागा मात्र चर्चकडेच राहिली. १८९७ मध्ये तेथे पुन्हा बांधलेली इमारत १९०० साली बॉक्सरांनी जाळली; १९०४ ची इमारत आजही उभी आहे.