गेली की घालवली? : नोकऱ्यांच्या वादाचे व्याकरण

मराठीत नोकरी 'जाते', गिरणी 'बंद पडते' आणि कामगार 'कमी होतात'. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत, म्हणजे हे कुणी केले ते सांगायची सक्ती भाषा आपल्यावर करत नाही. वाद सुरू झाला की मात्र याच क्रियापदांच्या जोडीची दुसरी क्रियापदे पुढे येतात. 'गेली' म्हणणाऱ्याला कुणीतरी 'घालवली' म्हणून उत्तर देतो, 'पडली' म्हणणाऱ्याला 'पाडली' म्हणून. एरवी हा नुसता शब्दांचा खेळ वाटला असता. पण ज्या वर्षी देश एका मोठ्या मतदानाने दोन तटांत विभागलेला असतो, त्या वर्षी नोकऱ्यांविषयीची सगळी सार्वजनिक चर्चा या दोन क्रियापदांच्या मध्ये अडकून पडते. २०१९ साल असे होते. त्या वर्षीच्या वादाचे परीक्षण मी येथे करणार आहे. वादात कोण जिंकले याच्याशी मला कर्तव्य नाही. ज्यांचे काम सुटले ती माणसे त्या वादात कुठे होती, हे मला पाहायचे आहे.

वारणानगरात राहणाऱ्याला हा प्रश्न लांबचा नाही. वारणेच्या खोऱ्यात ऊस, कारखाना आणि दूध यांवर घरे उभी राहिली हे खरे. पण ज्या घरात जमीन थोडी आणि मुलगे दोन, त्या घरातला एक शिरोलीच्या एमआयडीसीत जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींमधल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप देशभरच्या वाहन कारखान्यांना कास्टिंग पुरवतात. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, मोटारीचे कितीतरी ओतीव भाग कोल्हापूरच्या भट्ट्यांतून निघतात. म्हणून ट्रक खपला नाही की त्याची झळ पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या घराच्या किराणा उधारीपर्यंत येते.

आधी घटनाक्रम पाहू, कारण वादात सर्वांत आधी त्याचीच मोडतोड झाली. कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत २३ एप्रिल २०१९ रोजी मतदान झाले, तर देशाचा निकाल २३ मे रोजी लागला. नवे सरकार ३० मे रोजी शपथबद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, श्रमबलाच्या सर्वेक्षणाचा अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षातला बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. हाच आकडा जानेवारीत वर्तमानपत्रातून फुटला होता आणि तो गेल्या ४५ वर्षांतला सर्वाधिक असल्याचे तेव्हा छापून आले होते. अहवाल रोखून धरल्याच्या नाराजीतून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामेही दिले होते. पाठोपाठ पावसाळ्यात वाहनविक्रीचे आकडे कोसळू लागले. ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी खाली गेली. अवजड ट्रकांची घसरण याहूनही मोठी होती. सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेने दहा लाख नोकऱ्यांना धोका असल्याचे सांगितले. वितरकांच्या संघटनेने तीन महिन्यांत सुमारे दोन लाख माणसे कमी झाल्याचे म्हटले.

मग दोन्ही बाजूंनी वाद मांडला गेला. विरोधकांच्या मते नोटाबंदी आणि वस्तू-सेवा कर यांनी नोकऱ्या घालवल्या आणि ४५ वर्षांतला आकडा हा त्याचा पुरावा. समर्थकांच्या मते ही जगभरची मंदी, वाहनउद्योगात ती येते आणि जाते. १० सप्टेंबरला अर्थमंत्र्यांनी चेन्नईत बोलताना भारत-६ मानकांचा, नोंदणी शुल्काचा आणि हप्ते भरण्यापेक्षा ओला-उबरने जाणे पसंत करणाऱ्या तरुण पिढीचा उल्लेख केला. यातला तिसरा मुद्दा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आणि पुढचे कित्येक दिवस त्यावर विनोद होत राहिले.

दोन्ही बाजूंच्या मांडणीत एकाच जातीची चूक होती. सर्वेक्षणाचे वर्ष होते जुलै २०१७ ते जून २०१८. वाहनविक्रीची घसरण सुरू झाली त्यानंतर, २०१८च्या उत्तरार्धात. त्यामुळे ६.१ टक्के हा आकडा कितीही गंभीर असला, तरी २०१९ साली शिरोलीत बंद झालेल्या पाळीविषयी तो काहीच सांगू शकत नव्हता. दुसरीकडे, तरुणांना ओला आवडते म्हणून मोटारी कमी खपल्या हे वादापुरते मान्य केले, तरी पंचवीस टनांचा ट्रक कुणी ओलावर मागवत नाही. आणि कोल्हापूरच्या भट्ट्यांना थंड केले ते मुख्यतः ट्रकने.

ट्रक का खपेनात, याची कारणे वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर विखरून छापलेली होती. जुलै २०१८मध्ये केंद्राने ट्रकच्या आसावरील भाराची मर्यादा वाढवली. जुन्याच ट्रकमध्ये वीस-पंचवीस टक्के जास्त माल कायदेशीरपणे भरता येऊ लागल्यावर नवा ट्रक घेण्याची घाई कुणाला राहील? त्याच वर्षी आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कर्जफेड चुकवू लागली आणि बिगरबँक कंपन्यांचा पतपुरवठा आटला. ट्रक बहुधा अशाच कर्जावर घेतला जातो. १ एप्रिल २०२०पासून भारत-६ सक्तीचे होणार असल्याने जुन्या मानकांचा साठा कुणालाच वाढवायचा नव्हता.  यातली काही कारणे सरकारी निर्णयांची होती, काही न्यायालयाच्या आदेशांची, काही सावकारीच्या चुकांची. कुणाचे निर्णय चांगल्या हेतूने घेतलेलेही होते. पण यातले एकही कारण सभेत टाळी मिळवणारे नव्हते, म्हणून त्यांना वादात जागाच मिळाली नाही.

येथे '-मुळे' या प्रत्ययाकडे पाहावे लागते. 'नोटाबंदीमुळे', 'मंदीमुळे', 'संपामुळे' असे म्हणताना आपण प्रत्येक वेळी एकच मूळ गृहीत धरतो. ऊस लावणाऱ्याला ठाऊक असते की उसाला सोटमूळ नसते. त्याची तंतुमुळे चहूकडे पसरलेली असतात आणि खोडवा काढताना ती सगळीच उकरावी लागतात. नोकऱ्या जाण्याचेही बहुधा असेच असते. मतदानाने तट पडले की मात्र सोटमूळच हवे असते, कारण ते उपटून विरोधकाच्या हातात देता येते.

अशा वादाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद चालू आहे: गिरण्या दत्ता सामंतांच्या संपाने बंद पडल्या, की मालकांनी त्या बंद पाडल्या? कापड विणण्याचे काम संपाच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव आणि आमच्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते. मालकांनी नवी यंत्रे घेण्यात हात आखडता घेतला होता. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीला नवा भाव आणला. एवढे सगळे माहीत असूनही 'पडल्या की पाडल्या' हा प्रश्न मिटत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तराआधी आपला तट सांगायचा असतो. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाची थोरवी मला यासाठीच वाटते. दोष कुणाचा याचा निवाडा देण्याऐवजी त्यांनी संपानंतरच्या गिरणगावातले एक घर रंगमंचावर उघडले. वर्तमानपत्री वादात जे घर कधी दिसत नव्हते, ते नाटकात दिसले.

मतदान आणि नोकऱ्या यांची गाठ सर्वांत घट्ट बसलेली पाहायची, तर त्याच २०१९ सालच्या ब्रिटनकडे पाहावे. तिथल्या मोटार कारखान्यांशी आपला संबंधही आहे, कारण जग्वार लँड रोव्हर २००८ साली आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली. २३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने इशारा दिला होता की असा कौल लागला तर दोन वर्षांत किमान पाच लाख नोकऱ्या जातील. प्रत्यक्षात बेरोजगारी घटत गेली आणि २०१९च्या आरंभी ती १९७०च्या दशकानंतरच्या नीचांकावर होती. 'भीती दाखवत होते' असे म्हणायला एका बाजूला बळ मिळाले. पण त्याच जानेवारीत जग्वार लँड रोव्हरने साडेचार हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारीत होंडाने स्विंडनचा साडेतीन हजार कामगारांचा कारखाना २०२१मध्ये बंद करण्याचे सांगितले. स्विंडनने सुमारे ५५ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने दिली होती. आता दुसऱ्या बाजूला बळ आले: 'घ्या, तुम्हीच मत दिलंत.'

होंडाचे म्हणणे होते की निर्णयाचा सार्वमताशी संबंध नाही, जग विजेच्या गाड्यांकडे वळते आहे. त्याच दिवशी कंपनीने तुर्कस्तानातही सिव्हिक गाडीचे उत्पादन थांबवणार असल्याचे सांगितले आणि तुर्कस्तान तर युरोपीय संघात नव्हताच. जग्वारच्या अडचणींत चीनमधली घटलेली मागणी, २०१५च्या फोक्सवॅगन प्रकरणानंतर डिझेलवरून उडालेला विश्वास आणि सार्वमतानंतरची अनिश्चितता हे तिन्ही होते. तिसरे कारण नाकारणेही चूक आणि ते एकटेच धरणेही चूक. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्व त्या टोमण्याला आहे. 'तुम्हीच मत दिलंत' हे वाक्य वरकरणी कारण सांगते आणि प्रत्यक्षात शिक्षा सुनावते. नोकरी जाणे हा त्यात मताचा दंड ठरतो. आणि स्विंडनच्या ज्या ४५ टक्क्यांनी उलट मत दिले त्यांचे काय? युरोपातून कामाला आलेल्या बहुतेकांना तर त्या सार्वमतात मतच नव्हते. कारखाना मात्र सर्वांसाठीच बंद झाला.

हे कळल्यावर शिरोलीकडे परत यावे लागते. २०१९च्या पावसाळ्यात आमच्याकडेही चहाच्या गाड्यांवर आणि वडापमध्ये 'आणि द्या मत' हे ऐकू येत होते, कधी थट्टेत, कधी चिडून. पण फौंड्रीत सर्वांत आधी काम कुणाचे थांबते? कायम कामगाराचे नाही. मोल्डिंगवर, भट्टीजवळ आणि फेटलिंगला जो कंत्राटी माणूस असतो त्याचे. या कामांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. अनेकांची नावे इथल्या मतदारयादीत नसतात आणि एका दिवसाच्या मतदानासाठी गावी जाण्याचे भाडे परवडत नाही. ज्याने मतच दिले नाही त्याला मताचा टोमणा मारणारा वाद आपण महिनोन्महिने चालवला.

शिवाय या माणसाला कुणी 'काढत' नाही. त्याच्याविषयी वापरायचा शब्दच वेगळा आहे: त्याला 'बोलवत नाहीत'. आज सहा दिवसांची पाळी चार दिवसांवर येते, मग दोनवर, मग ठेकेदाराचा फोन येत नाही. राजीनामा नाही, नोटीस नाही, म्हणून आकड्यातही तो कुठे नाही. तो रेल्वेने गावी जातो आणि तिकडे शेतावर हात लावतो. कारखान्याच्या कागदावर त्याची नोकरी कधी नव्हतीच, त्यामुळे ती 'गेली'ही नाही आणि कुणी 'घालवली'ही नाही. वादाची दोन्ही क्रियापदे त्याच्या बाबतीत निकामी ठरतात.

त्यातच ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढले आणि काही दिवस वाहतूक पूर्ण थांबली. वारणाकाठची गावे पाण्यात गेली. मग ज्याचे काम सुटले त्याच्याबाबत 'पुरामुळे' म्हणायचे की 'मंदीमुळे'? आधीच दोन दिवसांवर आलेली पाळी पुरानंतर पुन्हा सुरूच झाली नाही, तर कारण कोणते धरायचे? पुराला भरपाई असते, निदान पंचनामा असतो. मंदीचा पंचनामा करायला तलाठी येत नाही. कामगाराच्या दृष्टीने कारणाचा प्रश्न इथे येऊन अगदी व्यवहाराचा होतो. कोणते कारण लागू झाले यावर त्याला काही मिळणार की नाही हे ठरते.

सप्टेंबरच्या २० तारखेला केंद्राने कंपनीकराचा दर २२ टक्क्यांवर आणला, २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले आणि पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. नवे सोटमूळ हाती आले. 'कोरोनामुळे' हा शब्द इतका मोठा होता की २०१९ची सगळी तंतुमुळे त्याखाली झाकली गेली. आज कुणाला विचारले तर त्या वर्षी काम सुटलेला माणूसही 'कोरोनात गेलं' असे सांगण्याची शक्यता आहे.

समीक्षेचे काम निवाडा देणे एवढेच नसते. मजकुरात काय गाळले आहे हे दाखवणेही तिचेच काम. नोकऱ्यांच्या वादातून तीन प्रश्न नेमाने गाळले जातात: काम नेमके कुणाचे सुटले, केव्हापासून सुटू लागले, आणि कुणाच्या कोणत्या निर्णयाने. मतदानाचा निकाल या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाही. राज्यकर्त्यांना जाब विचारू नये असा याचा अर्थ नाही. उलट, जाब नेमका विचारता यावा म्हणूनच हे प्रश्न हवेत. आसावरील भाराचा निर्णय घेताना फौंड्र्यांचा विचार झाला होता का, हे विचारता येते आणि त्याला उत्तर देणे संबंधितांना भाग पाडता येते. 'तुम्ही देश बुडवलात' याला उत्तर नसते, फक्त प्रत्युत्तर असते.

पुढच्या मतदानानंतर पुन्हा कुठे पाळ्या कमी होतील आणि हाच वाद पुन्हा मांडला जाईल. तेव्हा 'गेली' आणि 'घालवली' यांच्यात निवड करण्याआधी शिरोलीच्या फाटकाशी उभे राहून एवढे विचारावे, की आज कुणाला बोलावले नाही.